रिकाम्या जागेचा भरवसा

"गाडी एक डावच आली ना बाप्पा? मंग भाडं तीन डाव कसं काय?"

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ हिशोबपट्टी घेऊन बसले होते. नात्याने लांबचे आजोबा लागतात, गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात. त्यांचं सोयाबीन तीन खेपांत मोजलं गेलं होतं, म्हणून पट्टीवर तीन वजनं होती, ती बरोबर होती. खाली गाडीभाडं मात्र ३६० रुपये कापलेलं. ठरलं होतं माणशी १२०. म्हणजे २४० रुपये जास्तीचे गेले होते.

पट्टी ज्या प्रोग्रॅमने छापली, तो मी लिहिला होता.

मी रिसोड तालुक्यातला. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गावी आलो आणि कंपनीने घरूनच काम करू दिलं, तसा इथेच राहिलो. गावातल्या काही शेतकऱ्यांनी मिळून माल एकत्र विकायला सुरुवात केली तेव्हा हिशोब ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. "तू कम्प्युटरवाला हायेस ना?" या प्रश्नाला गावात नाही म्हणता येत नाही. पायथनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. वजनांची यादी घ्यायची, भावाने गुणायचं, कपात करायची, पट्टी छापायची. एका हंगामात तो व्यवस्थित चालला.

आबांचा प्रश्न ऐकल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि चूक पाच मिनिटांत सापडली. गाडीभाडं वजा करणारी ओळ चार मोकळ्या जागा उजवीकडे सरकली होती. बस्स. ना अक्षर चुकलं होतं, ना आकडा. वाशीमला जाताना एसटीत बसून मी फोनवर एक छोटी दुरुस्ती केली होती, तेव्हा अंगठा कुठेतरी जास्त पडला असणार. ओळ सरकली आणि 'प्रत्येक वजनासाठी हे करा' या घराच्या आत जाऊन बसली. आधी ती त्या घराच्या बाहेर होती, माणशी एकदाच चालायची. आता दर वजनाला चालू लागली. प्रोग्रॅमने कसलीच तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं शुद्ध होती. ज्यांचं एकच वजन होतं त्यांच्या पट्ट्या बरोबर निघाल्या, आणि मी तपासायला घेतल्या त्या नेमक्या तशाच होत्या. ४१ जणांच्या ६२ जादा वजनांवर १२० रुपयांप्रमाणे ७,४४० रुपये जास्त कापले गेले होते. पैसे गटाच्या खात्यातच पडून होते, त्यामुळे परत करता आले. पण ४१ पैकी विचारायला एकटे आबा आले होते. बाकीच्या ४० जणांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली होती.

ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

प्रोग्रॅम म्हणजे सूचनांची यादी. पण यादीत काही सूचना एकत्र बांधलेल्या असतात: 'पाऊस आला तर या तीन गोष्टी कर', 'प्रत्येक पोत्यासाठी या दोन गोष्टी कर'. या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मशीनला कळलं पाहिजे. त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी खूण करायची. सी, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांत ती खूण महिरपी कंसाची असते. दुसरी रीत म्हणजे खूण करायचीच नाही. आतल्या ओळी थोड्या उजवीकडे सरकवून लिहायच्या आणि ते सरकणं हीच सीमा मानायची. यालाच इंडेंटेशन म्हणतात, आणि पायथन तसं करते.

यावरून प्रोग्रॅमर लोक किती भांडतात हे बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. पायथनमध्ये एक गंमत मुद्दाम ठेवलेली आहे. भविष्यात येणाऱ्या सोयी आजच वापरायला मागता येतात, तशी तुम्ही महिरपी कंसांची सोय मागितली, तर उत्तर येतं: 'नॉट अ चान्स'. लॅपटॉप असेल तर करून बघा.

माझा कंपनीतला सीनियर कंसवाला आहे. पंधरा वर्षं सी प्लस प्लस लिहितोय. त्याला मी ही हकिगत फोनवर सांगितली. तो आधी हसला, मग म्हणाला, "न दिसणाऱ्या अक्षरावर लोकांचे पैसे ठेवतोस आणि वर भाषेला सुंदर म्हणतोस." त्याचं म्हणणं असं, की कंस असते तर ती ओळ चार काय चाळीस जागा सरकली असती तरी अर्थ बदलला नसता. अर्थ बदलायला कंस हलवावा लागला असता, आणि कंस चुकून हलवणं जागा चुकून पडण्याइतकं सोपं नाही. मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही. आबा ओट्यावर चहा पीत होते.

पण रात्री विचार केला तेव्हा मला वाटलं, त्याचं अर्धंच खरं आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी घाईघाईने एक दुरुस्ती पाठवली. फोन एखाद्या वेबसाइटशी सुरक्षित जोडणी करतो तेव्हा समोरची साइट खरीच ती आहे का, हे सहीवरून तपासतो. ती तपासणी करणाऱ्या सी भाषेतल्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती. वर 'असं झालं तर' अशी अट, आणि तिच्याखाली एकसारख्या दोन ओळी, 'गोटू फेल', 'गोटू फेल', दोन्ही सारख्याच उजवीकडे सरकवलेल्या. डोळ्याला वाटतं, दोन्ही अटीच्या पोटात आहेत. पण सी भाषेत कंस नसेल तर अट फक्त पहिल्या ओळीपुरती असते. दुसरी ओळ अटीबाहेर होती आणि ती कायम चालत होती. परिणामी खरी तपासणी यायच्या आत प्रोग्रॅम तिथून उडी मारून बाहेर पडायचा, आणि वर सगळं ठीक आहे असंही कळवायचा. मध्ये बसून कोणी जोडणी चोरून ऐकू शकेल, अशी ही चूक होती. हा कोड कोणीही वाचावा असा उघडा ठेवलेला होता.

म्हणजे तिथे नेमकं उलटं झालं. माझ्या कोडमध्ये जागेचा अर्थ होता आणि जागा चुकली. ॲपलच्या कोडमध्ये जागा माणसाला एक सांगत होती आणि मशीन दुसरंच ऐकत होतं. तीच दोन ओळींची चूक पायथनमध्ये झाली असती, तर डोळ्याला दिसलं तेच खरं ठरलं असतं. दोन्ही ओळी अटीच्या आत राहिल्या असत्या आणि काहीही बिघडलं नसतं.

कंसवाले सगळेच लोक कंसांबरोबर इंडेंटेशनही करतात. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. त्याशिवाय वाचताच येत नाही. म्हणजे त्यांच्या कोडमध्ये सीमा दोनदा लिहिलेली असते, एकदा मशीनसाठी आणि एकदा माणसासाठी. मशीन माणसासाठी लिहिलेलीकडे बघत नाही, आणि माणूस घाईत असला की मशीनसाठी लिहिलेलीकडे बघत नाही.

हे लिहिताना मला आमचा धुरा आठवत होता.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी: दोन शेतांच्या मधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. धुऱ्यावर बोरी-बाभळी असतात, एखादा पळस असतो, गवत असतं, साप असतात. आणि भांडणं असतात. इकडच्या कोणत्याही गावात जा, धुऱ्यावरून न बोलणारे दोन भाऊ सापडतील. आमच्या घरातले दोन म्हणजे माझे बाबा आणि मोठेबाबा. सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांचाही दावा एकच: दुसऱ्याने धुरा कोरला. बैलांचा वखर होता तोवर धुरा कोरायला पिढी जायची. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर आला आणि ते काम चार-पाच हंगामांत होऊ लागलं. दर वर्षी वीतभर आत. एक दिवस धुरा असतो, पण कुठे होता ते कोणालाच नक्की सांगता येत नाही.

आता गंमत अशी की कायद्याच्या दृष्टीने धुरा ही सीमा नव्हेच. सीमा असते नकाशावर. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने इथल्या जमिनी मोजल्या गेल्या. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब साखळीभर रुंद तो एक गुंठा. त्या मोजणीचे वारस आजही भूमी अभिलेखाच्या कपाटात आहेत. मोजणीला येणारा भूकरमापक धुऱ्याकडे बघत नाही असं नाही, पण निकाल देतो तो नकाशावरून. शेतकरी मात्र रोज धुराच बघतो. पेरताना, डवरताना, तूर सोंगताना त्याच्यासमोर नकाशा नसतो. म्हणजे इथेही सीमा दोनदा लिहिलेली, आणि दोन वाचणारे आपापली एकेकच वाचतात. शंभर-दीडशे वर्षांत त्या एकमेकींपासून सरकल्या नाहीत तरच नवल.

आमच्याकडे शेवटी मोजणी झाली. मी घरीच होतो. बाबा एका टोकाला उभे, मोठेबाबा दुसऱ्या टोकाला, मधे आम्ही पोरं खुणांच्या मागे धावतोय. निघालं काय? उगवतीच्या टोकाला धुरा मोठेबाबांच्या बाजूला सरकलेला, म्हणजे तिथे आम्ही खाल्लं होतं. मावळतीच्या टोकाला तो आमच्या बाजूला आलेला, म्हणजे तिथे त्यांनी. धुरा नकाशावरच्या रेषेला तिरका कापत होता. दोघं चोर, किंवा कोणीच नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरीच मले वाटे, मी खरं बोलतो तरी दादा काहून एवढा खवळतो."

त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की कंस की जागा हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाने धरलाय. कोणती खूण चांगली, यावर आपण भांडतो. पण खूण एकच असावी की दोन, आणि दोन असल्या तर त्या एकमेकींशी जुळतात का हे बघायचं कोणी, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

पायथनवाल्यांचं उत्तर साफ आहे: एकच खूण ठेवा, आणि ती माणसाला दिसते तीच ठेवा. ही कल्पना पायथनची स्वतःची नव्हे. पीटर लँडिन नावाच्या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये पुढच्या ७०० प्रोग्रॅमिंग भाषांविषयी एक निबंध लिहिला, त्यात त्याने हा नियम मांडला आणि फुटबॉलवरून त्याला 'ऑफसाइड' नाव दिलं. ओळ ठरलेल्या रेषेच्या डावीकडे गेली की ती त्या गठ्ठ्याबाहेर. पुढे ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत एबीसी नावाची भाषा तयार झाली, नवशिक्यांना सोपी जावी म्हणून. तीही इंडेंटेशनवर चालायची. खिदो फान रॉसम तिच्यावर काम करायचा. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत त्याने स्वतःची भाषा लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती जगाला दिली. तीच पायथन. विचार सरळ होता: सगळे नाहीतरी इंडेंटेशन करतातच, मग तेच मशीनलाही ऐकू द्या. नकाशा फाडा आणि धुऱ्यालाच सातबारावर चढवा.

ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. जे दिसतं तेच खरं. कपाटातला कागद येऊन तुम्हाला खोटं पाडणार नाही. मला पायथन आवडली ती यासाठीच. इंजिनिअरिंगला सी शिकताना रात्री दोन वाजता न जुळणारा कंस शोधणारा मी, आणि मग ही भाषा, जिच्यात नीट लिहिलेलं आणि बरोबर लिहिलेलं यात फरकच नाही.

पण धुऱ्यालाच सातबारावर चढवलं की धुरा कोरणारा चोर राहत नाही. तो जिथवर कोरेल तिथवर त्याचं. माझ्या अंगठ्याने ओळ सरकवली आणि त्या क्षणापासून तोच कायदा झाला. विरुद्ध बोलायला दुसरा साक्षीदारच नव्हता. कंस असते तर निदान विसंगती उरली असती, आणि विसंगती शोधता येते. सी भाषेच्या जीसीसी नावाच्या कंपायलरने २०१६ मध्ये तेच केलं. त्यात अशी सूचना आली की ओळ दिसते अटीच्या आत पण आहे बाहेर, तेव्हा एकदा बघा. 'गोटू फेल' नेमकं याच जाळ्यात सापडलं असतं. म्हणजे दोन साक्षीदार ठेवायचे तर दोघांनाही विचारायला हवं. एकालाच विचारायचं असेल तर दुसरा नुसता शोभेचा, किंबहुना धोक्याचा.

सीनियरला मी हे लिहून पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: "म्हणजे मी जिंकलो." मी लिहिलं, अजून नाही.

'दिसतं' हा शब्द मी वर किती सहज वापरला. कॉलेजातली माझी एक मैत्रीण दृष्टिहीन आहे. ती एनव्हीडीए नावाच्या मोफत स्क्रीन रीडरवर कोड ऐकते. ओळ किती आत आहे हे तो तिला बोलून सांगू शकतो, किंवा आत जाईल तसा आवाज बदलत जाईल अशी सोय करता येते. मला वाटायचं ती पायथनच्या नावाने बोटं मोडत असेल. जागा हे न दिसणारं अक्षर, आणि तिला तर काहीच दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, "अरे, शेवटी सहा बंद कंस एकामागोमाग ऐकू आले की कोणता कोणाचा हे मला कसं कळणार? तुम्ही ते इंडेंटेशन बघून ओळखता. मला मोजावं लागतं." मग पायथन बरी? "पायथनमध्येही मोजावंच लागतं. बारा जागा, सोळा जागा. तुम्हाला बघून कळतं त्याचं मला सगळीकडे मोजणंच असतं. फक्त कोणी टॅब आणि स्पेस एकत्र कालवले की मी शिव्या देते." (पायथन ३ असं विसंगत मिश्रण असलेला कोड चालवायलाच नकार देते. टॅब किती रुंद हे ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर ठरतं, म्हणजे एकाच धुऱ्याची दोघांना दोन ठिकाणं दिसतात.)

तिच्या बोलण्याने माझा एक गैरसमज गेला. खूण दिसली म्हणजे सगळ्यांना दिसली असं मी धरून चाललो होतो. खरं तर खूण कोणत्या तरी सवयीच्या डोळ्यालाच दिसते. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक जुना मोडी कागद आहे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. लिहिणाऱ्या कारकुनाला आणि वाचणाऱ्या कारकुनाला ती कुठेच अडली नाही, कारण दोघांची सवय एकच. ज्याच्या जमिनीबद्दल ते लिहिलं होतं, त्या माझ्या पणजोबांना मात्र तो कागद ठिपके आणि वळणांचाच दिसत असणार. ते अंगठा उठवून मोकळे झाले. आज आपण स्वल्पविराम, पूर्णविराम सहज वापरतो. ते मराठीत रुजवण्यात एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींचा मोठा वाटा मानतात. म्हणजे वाक्याचे कंसही आपल्याकडे उशिराच आले, आणि आले ते छापील पुस्तकांच्या काळात, जेव्हा लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत नव्हते.

शेताच्या आत वेगळंच असतं. बाबा सोयाबीनमध्ये तूर घेतात. ठरावीक ओळी सोयाबीनच्या, मग एक तुरीची, पुन्हा सोयाबीन. सोयाबीन कुठे संपलं आणि तूर कुठे सुरू झाली हे दाखवायला बाबा मधे दगड पुरत नाहीत. ओळींचं अंतरच सांगतं, आणि तेच डवऱ्याला वाट देतं. अंतर चुकलं तर डवरा पीकच उपटतो. एकाच धन्याच्या शेतात एवढं पुरतं. खुणा लागतात त्या धनी दोन झाले की. मला आधी वाटलं, उत्तर सापडलं: आपल्यापुरत्या कोडला इंडेंटेशन, दहा जणांच्या कोडला कंस.

पण माझ्या साठ ओळींचा धनी मी एकटाच होतो. तरी चुकलो. आणि बारकाईने बघितलं तर एकटाही नव्हतो. लॅपटॉपवर शांतपणे लिहिणारा एक, आणि सहा महिन्यांनी एसटीत धक्के खात फोनवर दुरुस्ती करणारा दुसरा. दुसऱ्याला पहिल्याच्या डोक्यातलं काही आठवत नव्हतं. फोनच्या अरुंद स्क्रीनवर लांब ओळ मोडून खाली येते, कोणती ओळ किती आत आहे हे कळेनासं होतं. तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तर एखादा पायथनचा कोड फोनवर उघडून बघा. पीडीएफमधून कोड कॉपी करून घेतला तर जागा बऱ्याचदा गळूनच पडतात आणि सगळ्या ओळी डावीकडे येऊन उभ्या राहतात. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या, कोण कोणत्या वर्गातला काही पत्ता नाही. कंसवाला कोड अशा अपघातातून वाचतो. कुरूप होतो, पण वाचतो.

एक गोष्ट मला उशिरा समजली आणि ती समजल्यावर हसूही आलं. पायथन तुमचा कोड वाचताना आधी काय करते? ओळ आत सरकली की स्वतःशी 'सुरू' अशी खूण करते, ओळ परत बाहेर आली की 'संपलं' अशी खूण करते, आणि मग त्या खुणांवरून पुढचं काम चालतं. म्हणजे कंस आत आहेतच. आपल्याला दिसत नाहीत इतकंच. आणि उलट बाजूने, गठ्ठा सुरू व्हायच्या आधी पायथन तुमच्याकडून एक कोलन लिहून घेते, ज्याची मशीनला तशी गरज नाही. तो माणसासाठी आहे. एबीसीच्या काळात लोकांवर करून पाहिलं तेव्हा कोलन असला की वाचायला बरं जातं असं दिसलं होतं, म्हणून तो ठेवला. खुणांवर विश्वास नसलेल्या भाषेनेही एक खूण माणसाच्या हाती ठेवलीच.

हे सगळं मी सीनियरला सांगत बसलो असतो. त्यानेही मला आणखी चार गोष्टी ऐकवल्या असत्या. या वादात एक सुख आहे. तो आपल्याला हुशार वाटायला लावतो. पण आबांना यातलं काय? त्यांनी माझा कोड कधी पाहिला नाही, पाहणारही नाहीत. कंस असते काय आणि जागा असती काय, दोन्ही त्यांच्यासाठी मोडीच. २४० रुपये त्यांचे गेले आणि सौंदर्याची चर्चा आम्ही दोघं करत होतो. चूक पकडली ती त्यांनी, आणि पकडली कशावरून? पट्टीवर तीन वजनं आणि खाली ३६० हा आकडा, एवढंच त्यांच्या हातात होतं. गाडी एकदा आली हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यावर त्यांनी केलं. जर मी पट्टीवर नुसती शेवटची रक्कम छापली असती, जसं छापावं असं गटातल्या एकाने सुचवलंही होतं, 'कागद वाचते' म्हणून, तर आबांनाही ४० जणांसारखी घडी करून खिशात ठेवावी लागली असती.

तेव्हा मी कोडमध्ये जे करायचं ते केलं. गाडीभाड्याचा हिशोब वेगळा काढून ठेवला, म्हणजे ओळ सरकली तरी तो दोनदा होणार नाही. तीन वजनांचा एक खोटा शेतकरी तयार केला आणि दर बदलानंतर त्याची पट्टी १२० च दाखवते का, हे आपोआप तपासायला लावलं. फोनवर कोडला हात लावणं बंद. पैसे घरोघर जाऊन परत दिले. ४१ घरं, चार संध्याकाळी. बहुतेकांना आपलं काही गेलं होतं हेच माहीत नव्हतं, आणि ते सांगताना माझी जी अवस्था व्हायची ती सांगण्यासारखी नाही. एका काकूंनी तर पैसे घेऊन वर चहा केला, ते सगळ्यात जड गेलं.

पट्टीही बदलली. आता तिच्यावर लिहून येतं: वजनं ३, गाडी १ वेळ, भाडं १२०. वजनांचा भाग आणि कपातीचा भाग वेगळा कळावा म्हणून मधे दोन ओळींची मोकळी जागा सोडली. कपातीच्या ओळी जरा उजवीकडे सरकवल्या. सुटसुटीत दिसत होती. मला आवडली होती.

पहिली नवी पट्टी आबांनाच नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बोटाच्या नखाने एकेक ओळ धरत खाली आले. वजनांपाशी मान हलवली. भाड्यापाशी मान हलवली. मग नख मधल्या मोकळ्या जागेवर थांबलं.

"हे इथं रिकामं काहून सोडलं?"

"दोन भाग वेगळे दिसावे म्हणून, आबा."

"आन् इथं कोनी काही लिहून देलं तर?"

मी म्हणालो, छापील आहे, कोण लिहिणार? ते माझ्याकडे बघत राहिले. मग कोनाड्यातून एक जुनी पावती काढली. सोसायटीत कर्ज भरल्याची, हाताने लिहिलेली. अक्षरी रकमेपुढे 'मात्र' लिहून तिथून कागदाच्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढलेली होती.

"असं पाह्यजे," ते म्हणाले. "सरलं तिथं सरलं म्हनून लिव्हा लागते."

घरी येऊन मी मधली मोकळी जागा काढली, तिथे आडवी रेघ टाकली आणि पट्टीच्या शेवटी 'मात्र' छापायची ओळ लिहिली. ती ओळ कोडमध्ये किती आत ठेवायची, हे तीनदा मोजून पाहिलं.